भिंगरीसमोर न बोलायचा शब्द

(जनावरांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. फरशीवर रबरी चटई, चटईवर भिंगरी: वय दीड वर्ष, रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा.)

कंडक्टर: लंगडत नाही हो ती, डॉक्टरबाई. लाडात येते. मी बघतोय असं कळलं की पाय वर घेते.

लेक: बाबा, तुम्ही घोरत असता तेव्हाही ती पाय वर घेते.

कंडक्टर: घोरत असतो तेव्हा तू बघतेस ना? मग तुझ्यासमोर लाडात येते.

डॉक्टर: लाडात येणारं कुत्रं पाय बदलतं, काका. आज हा, उद्या तो. ही कुठला वर घेते?

लेक: मागचा डावा. नेहमी डावाच.

डॉक्टर: आणि बसताना? पाय पोटाखाली दुमडते की बाजूला टाकते?

लेक: बाजूला टाकते. पहिल्यांदा घरी आलेली पाहुणी बसते ना, तशी. तिरकी, अर्धवट.

डॉक्टर: बरं. काका, तुम्ही तिच्या डोक्याशी बसा आणि बोलत राहा.

कंडक्टर: काय बोलू?

लेक: हा प्रश्न बाबांना आयुष्यात पहिल्यांदा पडलाय, डॉक्टर.

कंडक्टर: गप गं. भिंगरे, ए भिंगरे, बाईंचे हात गार आहेत का? असू देत. आपण काय घाबरतो का कुणाला?

डॉक्टर: आता माझ्या हातांकडे बघा. एका हातात मांडीचं हाड, दुसऱ्यात नडगी. नडगी पुढे ढकलते. दिसलं?

कंडक्टर: काय दिसायचं त्यात?

डॉक्टर: पुन्हा करते. टेबलाचा खण ओढल्यासारखी नडगी पुढे सरकते आहे. आता उजव्या पायात तेच करते. बघा, खण बंद. डावा, उघडा. उजवा, बंद.

कंडक्टर: अरेच्चा.

डॉक्टर: डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट, हाडं धरून ठेवणारी दोरी, तुटलं आहे. मघाशी एक्स-रेत शंका आली होतीच, हाताला खात्री पटली.

लेक: पण ती दीड वर्षाची पोर आहे! हे म्हाताऱ्या कुत्र्यांना होतं ना?

डॉक्टर: तरुण, वजनदार आणि उड्या मारणाऱ्यांनाही होतं. ही तिन्ही आहे.

कंडक्टर: वजनदार नाही, भरलेली आहे. बरं, मग मलम, तेल, गोळी, काय देताय?

डॉक्टर: शस्त्रक्रिया.

कंडक्टर: छे छे. कापाकापी नको. आमच्या डेपोत एक कुत्रा होता, तिपाया म्हणायचो त्याला. तीन पायांवर असा पळायचा की जेवणाचा डबा उघडायच्या आत हजर.

डॉक्टर: किती वर्षं पळाला?

कंडक्टर: ते... नंतर माझी बदली झाली.

लेक: झाली बदली! बाबांना पुढचं सांगायचं नसलं की त्यांची बदली होते.

डॉक्टर: काका, नुसत्या गोळीवर हिची वेदना कमी होईल, पण गुडघा दर पावलाला घसरत राहील. आतली गादी झिजेल. आणि सगळा भार जाईल उजव्या गुडघ्यावर. एक गुडघा गमावून तुम्ही दुसरा पणाला लावाल.

कंडक्टर: बरं, समजा केली शस्त्रक्रिया. तुटलेली दोरी शिवणार?

डॉक्टर: नाही. ती शिवून टिकत नाही.

कंडक्टर: शिवणार नाही? मग कापून करणार काय?

डॉक्टर: तुम्ही कंडक्टर होतात ना? समजा, उतारावर बस उभी आहे आणि हँडब्रेक तुटला.

कंडक्टर: चाकाला दगड लावायचा.

डॉक्टर: दगड नाही. ब्रेकही दुरुस्त होणार नाही. आणखी काय करता येईल?

कंडक्टर: आणखी काय? उतारावर ब्रेक नसला तर गाडी जाणारच. सपाटीवर उभी असती तर गोष्ट वेगळी.

डॉक्टर: हेच. कुत्र्याच्या नडगीचा माथा उतरता असतो. मांडीचं हाड त्या उतारावर उभं असतं आणि लिगामेंट त्याला धरून ठेवतं. ब्रेक गेला. म्हणून मी नडगीच्या माथ्याला अर्धगोल काप देणार, वरचा तुकडा थोडा फिरवणार आणि धातूच्या पट्टी-स्क्रूनं पक्का करणार. उतार जवळजवळ सपाट होतो.

कंडक्टर: म्हणजे ब्रेकला हातच लावायचा नाही, स्टँडच सपाट करायचा!

डॉक्टर: अगदी.

कंडक्टर: हे कुणाला सुचलं असेल? त्याला डेपोत पाठवायला हवं होतं.

लेक: पण हाड कापायचं, डॉक्टर... ती अजून वाढत असेल तर?

डॉक्टर: चांगला प्रश्न. वाढ बाकी असती तर हे करता आलं नसतं, दुसरा मार्ग शोधावा लागला असता. एक्स-रेत तेच पहिल्यांदा बघितलं. हिची वाढ संपली आहे.

कंडक्टर: अंगाची. अकलेची व्हायची आहे.

लेक: बाबा, करूया ना?

कंडक्टर: ...तू इतकं विचारून घेतलंस, म्हणजे तुझं ठरलंय. मी नाही म्हणून करू काय? करा, बाई. पण तिला दुखता कामा नये.

डॉक्टर: भूल असेल, नंतर वेदनाशामक असेल. थोडं दुखेल. खोटं सांगत नाही.

कंडक्टर: खोटं सांगितलं असतं तरी ऐकून घेतलं असतं.

डॉक्टर: ठरलं तर मग. चला, आधी वजन—

लेक: धरा! बाबा, पट्टा धरा!

कंडक्टर: भिंगरे! बस! अगं, बस गं! बाईंच्या खुर्चीवरून उतर!

डॉक्टर: काय झालं हिला?

लेक: तुम्ही तो शब्द बोललात.

डॉक्टर: कोणता?

लेक: मोठ्यानं नाही सांगू शकत. 'च'पासून सुरू होतो, 'ला'वर संपतो. बाबांनी तिला आणलं तेव्हा ती ओंजळीत मावायची. स्वतःचं नाव कळायच्या आधी तिला तो शब्द कळला. तो ऐकला की ती जिथे असेल तिथून उडी मारते.

कंडक्टर: तिचा दोष नाही. मी दारात उभा राहून बसमध्ये ओरडायचो तसा ओरडायचो. माणसंसुद्धा उड्या मारायची.

*

डॉक्टर: या, काका. झालं व्यवस्थित. आतली गादी शाबूत होती, ते मला सर्वांत महत्त्वाचं होतं. हा बघा आजचा एक्स-रे. ही पट्टी, हे स्क्रू, हा काप.

कंडक्टर: एवढे स्क्रू? आमच्या घराच्या दाराला नाहीत एवढे.

लेक: दाराला होते. तुम्ही दुरुस्त केलंत तेव्हापासून नाहीत.

डॉक्टर: आता नीट ऐका. माझं काम झालं, तुमचं सुरू होतंय. हाड जुळायला साधारण आठ आठवडे. तोवर जिना नाही, पलंग नाही, धावणं नाही. शी-शूला पट्टा बांधून, तोही आखूड.

लेक: आणि उड्या?

डॉक्टर: एकही नाही. जुळत असलेल्या हाडावर एक जोरदार उडी म्हणजे स्क्रू सैल, पट्टी वाकडी, आणि पुन्हा शस्त्रक्रियेचं टेबल. दुसऱ्या वेळी इतकं चांगलं जुळेल याची हमी मी देणार नाही.

कंडक्टर: मग तो शब्द?

डॉक्टर: मीही रात्रभर तोच विचार करत होते. तो शब्द घरात बंद.

कंडक्टर: बंद म्हणजे?

डॉक्टर: आठ आठवडे कुणी उच्चारायचा नाही.

कंडक्टर: बाई, माझी सगळी नोकरी त्या एका शब्दावर गेली. तिकीट यंत्रातून निघायचं, बस ड्रायव्हर हाकायचा. माझं स्वतःचं म्हणावं असं काम तो शब्दच.

लेक: काळजी करू नका, डॉक्टर. मी छापखान्यात प्रुफं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या भाषेतले शब्द खोडते. घरातला एक खोडायला काय लागतं?

*

लेक: बाबा, संध्याकाळी खिचडी टाकू?

कंडक्टर: चाले—

लेक: शू! कान बघा तिचा. उभा राहिला.

कंडक्टर: मी तो शब्द नाही म्हटला! पूर्ण वेगळा आहे.

लेक: ती व्याकरण नाही शिकलेली. तिला 'चाल' ऐकू आलं, तिच्यासाठी शेपूट हलवण्याइतकं पुरेसं आहे. 'हरकत नाही' म्हणा.

कंडक्टर: खिचडीला 'हरकत नाही' म्हणू? मंत्री आहे का मी?

लेक: मग नुसतं 'हो' म्हणा.

कंडक्टर: 'हो'मध्ये ती मजा नाही. बरं, हो. आणि पंखा चा... पंखा लाव.

लेक: शाब्बास.

कंडक्टर: तू सकाळी मला घड्याळाबद्दल काय विचारलंस?

लेक: भिंतीवरचं घड्याळ जिवंत आहे का, असं.

कंडक्टर: शेजारचे काका दारात उभे होते. ते तेव्हापासून माझ्याकडे दयेनं बघतायत.

लेक: बघू देत. माझं ऐका. आज कामावर एका पुस्तकाच्या प्रुफात तो शब्द आला. हात आपोआप गेला आणि मी खोडला. पुढच्या पानावरही खोडला. लेखकाचा फोन आला, म्हणाला, माझी पात्रं घराबाहेरच पडेनात.

कंडक्टर: हा हा! मग?

लेक: मग काय, माफी मागितली. म्हटलं, घरी आजारपण आहे.

कंडक्टर: 'निघूया' म्हटलं तर?

लेक: गेल्या आठवड्यात म्हणालात ना? दोनदा म्हणालात, तिसऱ्यांदा तिनं पट्टा तोंडात धरून आणला. 'प्रयाण करूया'ही आता तिला कळतं. कालपासून मी नुसता पट्टा उचलते आणि छताकडे बघते.

कंडक्टर: हुशार आहे पोर. लोकांची पोरं शाळेत जाऊन एवढे शब्द शिकत नाहीत.

लेक: ...बाबा.

कंडक्टर: हं.

लेक: आज हसलात. चार दिवस गप्प होतात.

कंडक्टर: बोलायला गेलं की तोच येतो जिभेवर. म्हणून बोलतच नाही. सोपं पडतं.

लेक: तेवढंच कारण?

कंडक्टर: आणखी काय असणार?

लेक: तुम्ही रात्री उठून तिच्या पायाशी बसता. मला दिसतं.

कंडक्टर: तुला फार दिसतं. ...त्या दिवशी मीच म्हणालो होतो गं.

लेक: कुठल्या दिवशी?

कंडक्टर: ज्या दिवसापासून पाय वर घ्यायला लागली. जिना पुसलेला होता, ओला. मी खाली पोचलो होतो, ती वरच्या पायरीवर रेंगाळत होती. मला घाई. कसली घाई? रिकामा माणूस मी! पण सवय. खालून ओरडलो, तो शब्द, दोनदा. तिनं मध्ये पायऱ्या घेतल्याच नाहीत. वरून थेट माझ्या पायाशी. पडली तेव्हा ओरडलीसुद्धा नाही, शेपूट हलवत उभी राहिली. मला वाटलं, काही झालं नाही.

लेक: हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत?

कंडक्टर: सांगून दोरी जोडली गेली असती? माझ्या एका हाकेनं पोरगी अधू झाली, हे काय सांगायचं लोकांना!

लेक: मी लोक आहे?

कंडक्टर: तुला सांगितलं ना आत्ता.

लेक: ...इकडे या. बसा. थांबा, फोन वाजतोय. आत्याचा आहे. हॅलो, आत्या? हो, बरी आहे भिंगरी. हो, आठवा आठवडा लागलाय, टाके कधीच सुकले, केस पण यायला लागलेत. खुर्चीखाली झोपलीय. नाही, पलंगावर नाही, पलंगाला आणि दाराला आम्ही खोक्यांचं कुंपण केलंय. बाबा? बरे आहेत, इथेच आहेत. देऊ? बरं, मग रात्री करते फोन. चल, ठेवते—

कंडक्टर: अगं!

लेक: भिंगरी! नको! बाबा, धरा तिला!

कंडक्टर: खोकी ओलांडली. दारावर उडी घेतली तिनं, दारावर. भिंगरे, बस, बस माझी बाय. पाय बघ. पाय टेकत नाहीये ती.

लेक: मी म्हटलं... मी बोलले, बाबा. मीच.

कंडक्टर: रडू नको. तिचं डोकं धर. मी पाठीखालून उचलतो. रिक्षा बोलाव. पळ.

*

डॉक्टर: काका, तुम्ही दोघं उभे का? बसा ना. एक्स-रे आलाय.

लेक: आधी सांगा, मग बसतो.

डॉक्टर: पट्टी सरळ आहे. स्क्रू सगळे जागेवर. आणि हा काप बघा. दिसतोय का?

कंडक्टर: नाही दिसत. चष्मा पुसू का?

डॉक्टर: पुसू नका. दिसत नाही कारण तो भरून आलाय. हाड जुळलंय. आठ आठवडे संपायला थोडे दिवस बाकी होते, पण हिनं वाट नाही बघितली.

लेक: मग पाय का टेकत नाही?

डॉक्टर: उडीनं कळ आली असणार, स्नायूही रोडावलेत. आणि एवढे दिवस पायावर पुरता भार टाकला नाही की कुत्रं विसरतं. त्याला आठवण द्यावी लागते.

लेक: मला वाटलं, मी तिचा पाय मोडला.

कंडक्टर: तुझ्या आधी मी मोडला होता. सांगतो, बाई, हिच्यासमोरच सांगतो. लिगामेंट माझ्यामुळे तुटलं. ओल्या जिन्यावर मी तिला हाक मारली.

डॉक्टर: नाही.

कंडक्टर: नाही काय? मी होतो तिथे!

डॉक्टर: आणि मी गुडघ्याच्या आत होते. एका झटक्यात तुटलेल्या दोरीची टोकं कशी असतात माहीत आहे? स्वच्छ. हिची टोकं पिंजलेली होती, जुन्या सुतळीसारखी. पहिल्या एक्स-रेत हाडाच्या कडेला बारीक खरखरही होती. ती एका दिवसात तयार होत नाही, काका. दोरी आधीपासून विरत आली होती. ती जिन्यावर तुटली नसती, तर पलंगावरून उतरताना तुटली असती.

कंडक्टर: मग हे आधी का नाही सांगितलंत?

डॉक्टर: तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सांगितलंत, लाडात येते.

लेक: बाबा, ऐकलंत?

कंडक्टर: ऐकलं. ...रात्रीची झोप गेली ना माझी त्यात. भरपाई कोण देणार?

डॉक्टर: आणखी एक सांगायचं आहे, तेही लपवत नाही. अशा कुत्र्यांच्या दुसऱ्या गुडघ्यातली दोरीही विरत असू शकते. उजव्याचं काय होईल, मला आज माहीत नाही.

कंडक्टर: म्हणजे परत हे सगळं?

डॉक्टर: कदाचित. कदाचित नाहीच. वजन आटोक्यात ठेवा, स्नायू बळकट होऊ द्या. पण त्यासाठी फिरणं लागतं. आणि तुम्ही दोघांनी तिला इतकं जपलंय की ती आता हलत नाही. बघा, दगडासारखी बसली आहे.

लेक: खाऊ दाखवते. भिंगरे, बघ काय आहे?

डॉक्टर: मान लांब केली, बूड नाही उचललं. पट्टा ओढू नका, ओढलं की पुढच्या पायांवर भार जातो, मला मागचे बघायचे आहेत. काका, तुम्ही म्हणा.

कंडक्टर: काय म्हणू?

डॉक्टर: तुम्हाला माहीत आहे.

कंडक्टर: नाही म्हणणार. तुम्ही काय सांगता! आत्ता कुठे जुळलंय हाड. तिनं उडी मारली तर?

डॉक्टर: ओरडू नका, हळू म्हणा.

कंडक्टर: हळू? तो शब्द हळू म्हणतात का कुठे? मला येत नाही.

लेक: बाबा, प्रयत्न करा. मला झोपेतून उठवायचात, शाळेच्या दिवसांत. तेव्हा कसं म्हणायचात?

कंडक्टर: तेव्हा... तेव्हा तू लहान होतीस.

लेक: मग तसंच.

कंडक्टर: पट्टा तू धर. मी खाली बसतो. माझे गुडघे बघा कसे वाजतायत, बाई, यांचाही उतार सपाट करा एकदा. हं. भिंगरे. इकडे बघ. घाई नाही. ...चला.

लेक: कान वर.

कंडक्टर: चला, माझी राणी.

लेक: उठली. डॉक्टर, उठली. उडी नाही मारली.

डॉक्टर: बोलू नका. पट्टा सैल सोडा. उजवा टेकला... डावा हवेत... डावा हवेत... बोटं लागली. नुसती बोटं. आता तळवा. पुन्हा. पुन्हा टेकला.

लेक: बाबा, रडताय?

कंडक्टर: चष्मा पुसायचा राहिला होता मघाशी.

डॉक्टर: सुंदर. चारही पाय, भार जरा कमी आहे डाव्यावर, पण आहे. आता थांबवा तिला, काका. ती थांबते कशी ते बघायचं आहे.

कंडक्टर: थांबवू?

डॉक्टर: 'थांब' म्हणा.

लेक: ते तिला येत नाही, डॉक्टर.

डॉक्टर: येत नाही?

कंडक्टर: शिकवायचं राहिलं. गाडी थांबवायला आम्ही घंटी मारायचो हो. तोंडानं थांब म्हणायची वेळच नाही आली कधी. आता काय करू? ती बाहेर निघाली.

डॉक्टर: डावा टेकतेय?

लेक: टेकतेय.

डॉक्टर: मग जाऊ द्या.